कोरियन चॉन्गुकजांग घरी कसं करायचं (आणि त्यातले बॅक्टेरिया कसे सांभाळायचे)

कोरियात सोयाबीन आंबवायचे बरेच प्रकार आहेत. त्यातला दोएनजांग महिनोन् महिने चालतो, पण चॉन्गुकजांग दोन-तीन दिवसांत होतो, म्हणून सुरुवात इथून करा. वास उग्र असतो, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

सोयाबीन रात्रभर भिजवा, मग कुकरमध्ये इतकं शिजवा की दाणा दोन बोटांत सहज चुरला पाहिजे. कच्चट राहिला तर बॅक्टेरियाला आत शिरताच येत नाही. पाणी नीट निथळून घ्या.

आता मुख्य भाग. कोरियात दाणे टोपलीत घालून मध्ये भाताचा पेंढा खोचतात, कारण पेंढ्यावर बॅसिलस सबटिलिस या बॅक्टेरियाचे बीजाणू असतात, आणि ते इतके चिवट की उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून पेंढा उकळत्या पाण्यातून काढून घ्यायचा, बाकीचे बरेच जंतू मरतात, हे उरतात. मात्र बॅसिलस सेरियस नावाचा त्रासदायक भाऊबंदही असाच उरू शकतो, त्यामुळे फवारलेला, बुरशी आलेला पेंढा नकोच. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा तयार नाट्टोचे (जपानी आंबवलेल्या सोयाबीनचे) चार दाणे कोमट पाण्यात कालवून विरजण म्हणून घाला, कारण नाट्टोतही सबटिलिसच असतो.

दाणे गरम असतानाच पसरट भांड्यात पातळ थर द्या आणि वर सुती कापड टाका. डबा घट्ट बंद करू नका हं, या जंतूला हवा लागते. तापमान ४० अंशांच्या आसपास हवं. तिकडे जुन्या घरांत गरम केलेल्या जमिनीवर पांघरुणात गुंडाळून ठेवायचे, आपण थर्मोकोलच्या खोक्यात गरम पाण्याची बाटली ठेवायची आणि ती बदलत राहायची.

दोन दिवसांनी चमच्याने ढवळून बघा. पाकासारखी तार सुटली की झालं. ही तार पॉलिग्लुटामिक आम्लाची, जंतूच तयार करतात. प्रथिनं फुटून थोडा अमोनियाही सुटतो, तो वास चालेल, पण सडका वास आला किंवा काळी-हिरवी-गुलाबी बुरशी दिसली तर सरळ फेका, काही विषं उकळूनही जात नाहीत.

मग मीठ, तिखट घालून जाडसर ठेचा, छोटे गोळे करून फ्रीझरमध्ये टाका. किमची (आंबवलेला कोबी) आणि टोफूच्या रश्शात हा गोळा शेवटी घाला, फार उकळू नका, नाहीतर चव उतरते.

दोएनजांगचं गणित वेगळं. तिथे सोयाबीनच्या वाळवलेल्या ढेपा, म्हणजे मेजू, मिठाच्या पाण्यात बुडवतात, आणि त्या खारट पाण्यात टेट्राजेनोकोकससारखे मीठ सोसणारे जंतूही वाढतात. ते करायचं तर आधी मोठी बरणी आणि दम धरणारं माणूस लागेल.