गठ्ठ्याचा दोरा कापण्याआधी

आत्या गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. आत पत्रं, दाखले, पावत्या, फोटोंची पाकिटं, आणि दोऱ्याने बांधलेले सात गठ्ठे. सगळं स्कॅन करून जपायचं म्हणून एका रविवारी मी सगळे दोरे कापले. पत्रं एकीकडे, फोटो दुसरीकडे, पावत्या तिसरीकडे असे देखणे ढीग लावले आणि रात्री स्वतःवर खूश होऊन झोपले. कसरीला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं तेवढं नुकसान मी एका दिवसात केलं होतं.

कारण कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता, हीसुद्धा माहितीच असते. अभिलेखागारात काम करणारे मूळ क्रम मोडत नाहीत, ते याचसाठी. आत्याने एखादा फोटो अमुक पत्रातच का ठेवला, ते फोटोवर लिहिलेलं नसतं. ते त्या जागेत असतं.

म्हणून स्कॅनर नंतर, आधी मोबाइल. पेटी उघडली की आहे तसा फोटो काढा. वरचा थर उचलला की पुन्हा एक. प्रत्येक गठ्ठा सोडण्याआधी वरून, बाजूने, आणि सोडल्यावर कागद उलगडतील त्या क्रमाने. गठ्ठ्याला क्रमांक द्या, आतल्या पाकिटाला पोटक्रमांक द्या. हे आकडे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचे आणि चिठ्ठी सोबत ठेवायची. मूळ कागदावर बॉलपेन नाही, स्टिकर नाही, चिकटपट्टी तर अजिबात नाही. लॅमिनेशन करून आणतो म्हणणाऱ्या उत्साही भाच्याला वेळीच आवरा, ते पुन्हा निघत नाही.

माझी चूक थोडीफार भरून निघाली ती गंजामुळे. एका फोटोत एक बाई दगडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली आहे, मांडीवर मूल. नाव नाही, तारीख नाही. मागची बाजू कोरी, म्हणजे मला कोरी वाटली. स्कॅन मोठा करून पाहिला तेव्हा वरच्या डाव्या कोपऱ्यात एकमेकांपासून सेंटीमीटरभर अंतरावर दोन तांबूस ठिपके दिसले. टाचणी एकीकडून आत शिरून दुसरीकडून वर आल्याच्या खुणा. मग तीन संध्याकाळी मी पत्रांच्या ढिगातले कोपरे तपासत बसले. तेवढ्याच अंतरावरचे, तसेच तिरके ठिपके एका पत्रावर सापडले, तारीख १४ नोव्हेंबर १९५८. पत्रात एक ओळ होती, ‘सोबत बाळाचा फोटो पाठवत आहे’. दोरा कापला नसता तर हे दहा सेकंदांचं काम होतं.

यातून स्कॅनिंगचे माझे दोन हट्ट ठरले. एक, मागची बाजू स्कॅन करायचीच, कोरी दिसली तरी. दोन, कडा कापायच्या नाहीत. चारही बाजूंनी बोटभर मोकळी जागा राहू द्या, म्हणजे कागद कुठे संपतो ते दिसतं. स्कॅनरला ‘आपोआप कडा काप’, ‘रंग सुधार’, ‘डाग काढ’ असली हौस फार असते. ते सगळं बंद ठेवा. सजवायचं असेल तर नंतर, वेगळ्या प्रतीवर.

बाकी सेटिंग सोपं आहे. स्कॅनर सपाट काचेचा हवा, कागद आत ओढून घेणारा नको. कागदपत्रांना ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरतात, बारीक अक्षर असेल तर ४००. छापील फोटोंना ६००. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच घ्या. पिवळेपणा, शाईचा रंग, गंज हे सगळं त्याशिवाय हरवतं. मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे तपशील न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात साठवा. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर साधारण २६ एमबी होतो, म्हणजे पाचशे फोटो दोन्ही बाजूंनी घेतले तर २६ जीबी. एवढी जागा आता कुणालाही जड नाही. जेपेग प्रती पाहायला आणि पाठवायला करा, पण त्यांवर पुन्हा पुन्हा बदल करून सेव्ह केलं की दर वेळी थोडा तपशील गळतो. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो ‘मूळ’ म्हणून जपणाऱ्यांना तर हात जोडते.

हात स्वच्छ धुऊन कोरडे करा, बस. कापडी हातमोजे घालून जुना ठिसूळ कागद धरला की बोटांना अंदाज येत नाही आणि कोपरा फाटतो. फोटोंना नायट्राइलचे (पातळ रबरी) मोजे ठीक, नाहीतर कडांनी धरा. गंजलेली टाचणी ओढू नका. कागद आणि टाचणी यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा आणि टाचणी हलके हलके सोडवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोलायला जाऊ नका, चित्राचा थर काचेवरच राहील. काचेतूनच कॅमेऱ्याने टिपा: फ्लॅश बंद, उजेड बाजूने, कॅमेऱ्यामागे काळं कापड. बुरशी लागलेले कागद वेगळ्या पाकिटात ठेवा. आणि फॅक्स किंवा गुळगुळीत कागदावरच्या पावत्या सर्वांत आधी स्कॅन करा, त्यांवरची अक्षरं उडत जातात, त्या तुमची वाट पाहत नाहीत.

निगेटिव्ह सापडल्या तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे अॅसिटेट फिल्म सडायला लागली आहे. त्या वेगळ्या करा आणि रांगेत पुढे घ्या. फार जुन्या निगेटिव्ह नायट्रेटच्या असू शकतात. ती फिल्म झपाट्याने पेटते. कोडॅकने तिचं उत्पादन १९५१मध्ये थांबवलं. शंका आली तर घरात प्रयोग न करता जाणकाराला गाठा. पस्तीस एमएमच्या निगेटिव्हला निदान २४०० डीपीआय हवेत. स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय असेल तर ती नेहमीच्या कृष्णधवल फिल्मसाठी वापरू नका: चित्रातली चांदीच इन्फ्रारेड अडवते आणि यंत्राला चित्रच धूळ वाटतं.

फाइलचं नाव आत्याच्या गठ्ठ्याशी जोडलेलं ठेवा: ‘ग०३_पा०२_००७_मागे’, म्हणजे तिसरा गठ्ठा, दुसरं पाकीट, सातवा कागद, मागची बाजू. आधी शून्य लावलं नाही तर दहा हा दोनच्या आधी येऊन बसतो. आकडे सगळीकडे एकाच लिपीतले ठेवा, मिसळले की क्रम बिघडतो. तारीख, माणसं, जागा हे नावात कोंबू नका. त्यासाठी तक्ता करा. आणि त्या तक्त्यात ‘हे कशावरून’ असा एक रकाना हवाच. माझ्या नोंदीत लिहिलंय: ‘१९५८, टाचणीच्या खुणा पत्राशी जुळतात.’ उद्या कुणाला पटलं नाही तर त्याला खोडता येईल.

माणसं ओळखण्यासाठी फोटो स्क्रीनवर मोठा करून काकांसमोर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. ‘काका, ही कोण?’ विचारलं की ते गप्प. मग मी विचारलं, ‘हे कुठलं घर?’ तर म्हणाले, ‘अगं, हा जिना आपला नव्हेच. आपल्याला कठडा होता.’ आणि पुढची वीस मिनिटं त्या कठड्याबद्दल. नाव विचारण्याऐवजी वस्तू विचारा, माणसं आपोआप येतात. त्यांचं बोलणं त्या फाइलच्याच क्रमांकाने साठवा.

प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवू नका, वीज न मिळता त्यातला डेटा विरू शकतो. पेनड्राइव्ह ही नेण्या-आणण्याची पिशवी आहे, तिजोरी नव्हे. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलवरून निघणारा ठशासारखा आकडा, काढून यादी ठेवा; वर्षातून एकदा पुन्हा काढून ताडून पाहा. एक बिट जरी बदलला तरी आकडा वेगळा येतो, आणि कुठली प्रत चांगली ते कळतं.

सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी पत्रं वाचा. आमच्या पाचव्या गठ्ठ्यात एका भांडणाची चार पत्रं आहेत, त्यातले दोघे अजून हयात आहेत. ती स्कॅन केली, क्रमांक दिले, पण सामायिक फोल्डरमध्ये टाकली नाहीत. तक्त्यात तिथे फक्त ‘बंद’ असं लिहिलंय.

आणि मूळ कागद फेकायचे नाहीत. आम्लरहित पाकिटं, पीव्हीसी प्लॅस्टिकचे नसलेले कव्हर, माळा किंवा मोरी सोडून घरातली थंड, कोरडी जागा. माझे सात गठ्ठे टाचण्यांच्या खुणा बघत मी पुन्हा लावतेय. चार झालेत. सहाव्यातल्या निम्म्या पावत्या कुठल्या, ते अजून लागत नाही.