आपत्तीनंतर पडझड झालेल्या घरांची पाहणी कशी करावी

भूकंप, पूर, वादळ किंवा दरड कोसळणे यांपैकी काहीही झाले, की दोन-चार दिवसांतच हातात फॉर्म किंवा टॅबलेट घेतलेली माणसे बाधित वस्तीत घरोघर फिरू लागतात. स्थापत्य अभियंते, पदविकाधारक, बांधकाम पर्यवेक्षक आणि इमारतींची चांगली जाण असलेले इतरही अनेक जण हे काम करतात. ते बहुधा तात्पुरत्या स्वरूपाचे असते, बोलावणे अचानक येते आणि एकदा सुरुवात झाली की आठवडेच्या आठवडे रोज अनेक घरे पाहावी लागतात. या कामात उतरणाऱ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. आपण केलेली नोंद अशा व्यक्तीच्या टेबलावर जाणार आहे, जिने ते घर पाहिलेले नाही आणि बहुधा पाहणारही नाही. घर राहण्याजोगे आहे का, मदत किती मिळावी, दुरुस्ती करावी की पाडावे, हे सारे त्या चार ओळी आणि काही छायाचित्रे यांवरून ठरते.

म्हणून पहिला प्रश्न असा, की आपण नेमकी कोणती पाहणी करत आहोत? घरात शिरणे सुरक्षित आहे का हे पाहणे वेगळे, मदतीसाठी नुकसानीचा पंचनामा करणे वेगळे आणि विम्याच्या दाव्यासाठी सर्वेक्षण करणे वेगळे. घरमालकाला हा फरक ठाऊक असण्याचे कारण नाही; आलेला प्रत्येक जण त्याच्या दृष्टीने ‘सरकारी माणूस’च असतो. त्यामुळे दारातच ओळखपत्र दाखवून आपण कोणत्या कामासाठी आलो आहोत, कशासाठी आलेलो नाही आणि या पाहणीचे पैसे द्यायचे नसतात, हे स्पष्ट सांगावे. आपत्तीनंतर तोतये निरीक्षकही फिरतात, याचा विसर पडू देऊ नये.

सुरक्षा-पाहणीसाठी अनेक देशांत तीन रंगांच्या फलकांची पद्धत वापरतात. तिचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेली ‘एटीसी-२०’ ही कार्यपद्धती, जी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील लोमा प्रिएटा भूकंपानंतर लगेच उपयोगात आली. हिरवा फलक म्हणजे वापरावर बंधन नाही, पिवळा म्हणजे मर्यादित वापर आणि लाल म्हणजे प्रवेश धोकादायक. लाल फलकाचा अर्थ ‘पाडून टाका’ असा नाही, हे घरमालकाला आवर्जून सांगावे लागते. जलद पाहणीला एका इमारतीमागे साधारण १० ते ३० मिनिटे मिळतात, आणि एवढ्या वेळात समजते ते फक्त ताज्या हानीबद्दल. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरातील सीटीव्ही इमारतीला सप्टेंबर २०१० च्या भूकंपानंतर हिरवा फलक मिळाला होता. २२ फेब्रुवारी २०११ च्या धक्क्यात ती कोसळली आणि तिच्यात ११५ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ रचनेतच गंभीर दोष असल्याचे नंतरच्या चौकशीत निष्पन्न झाले. असे दोष जलद पाहणीत दिसतीलच असे नाही. म्हणूनच हिरवा फलक लावताना ‘घर सुरक्षित आहे’ असे शब्द तोंडून जाऊ देऊ नयेत. ‘आज दिसलेल्या हानीमुळे वापर थांबवण्याची गरज वाटत नाही’ एवढेच म्हणावे.

साधने फार लागत नाहीत. हेल्मेट, जाड तळव्याचे बूट, हातमोजे, धूळ आणि बुरशी अडवणारा मास्क, चांगली बॅटरी, मोजपट्टी, ओळंबा, भेगेची रुंदी मोजण्याची पारदर्शक पट्टी, खडू आणि पेन्सिल एवढे पुरते. पुराच्या भागात ओलावामापक सोबत ठेवावा. एकट्याने आत जाऊ नये. जोडीदार बाहेर असावा आणि आपण कोणत्या खोलीत आहोत हे त्याला ठाऊक असावे.

पाहणीची सुरुवात नेहमी बाहेरून आणि लांबून करावी. घर झुकले आहे का, छताची रेषा सरळ आहे का, पायाजवळची जमीन खचली किंवा फाटली आहे का, हे दहा पावले मागे उभे राहून जितके दिसते तितके भिंतीला नाक लावून दिसत नाही. सैल झालेला कठडा, धुराडे, लोंबकळणारा पत्रा यांच्या खाली उभे राहू नये. शेजारची इमारत आपल्या घरावर कोसळण्याच्या बेतात असेल, तर आपले घर कितीही ठणठणीत असले तरी वापरावर बंधन घालायला तेवढे कारण पुरेसे आहे. आत पाऊल टाकण्यापूर्वी गॅसचा वास येतो का ते पाहावे. वास येत असेल तर दिव्याच्या बटणाला हात न लावता सर्वांना बाहेर काढावे. वीज मुख्य स्विचपासून बंद असल्याची खात्रीही याच वेळी करावी, मात्र स्विचपाशी पाणी किंवा ओल असेल तर तो स्वतः हाताळू नये.

आत गेल्यावर बहुतेकांचे लक्ष भेगांकडे जाते आणि नवखा निरीक्षक नेमका तिथेच फसतो. समजा, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली एक भेग आहे. प्रथम ती ताजी आहे का ते पाहावे. ताज्या भेगेच्या कडा धारदार असतात, आतला भाग स्वच्छ आणि उजळ दिसतो, खाली जमिनीवर बहुधा चुरा पडलेला असतो. जुन्या भेगेत धूळ, कोळ्याचे जाळे, नाहीतर मागच्या रंगकामाचा थर सापडतो. नंतर त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जावे. तिथे त्याच जागी भेग नसेल तर ती केवळ गिलाव्यापुरती असण्याची शक्यता मोठी. असेल तर ती भिंतीच्या आरपार गेली आहे असे समजून चालावे. कपाट हलवावे लागले, दुसऱ्या खोलीचे कुलूप उघडायला लावावे लागले, तरी दुसरी बाजू पाहिल्याशिवाय भेगेची नोंद करू नये. सर्वांत रुंद ठिकाणी पट्टी लावून रुंदी मोजावी, आणि भेगेच्या दोन्ही कडा एकाच पातळीत आहेत का हे बोट फिरवून पाहावे, कारण एक कड पुढे आली असेल तर भिंत बाहेर ढकलली गेलेली असते. शेवटी भेगेच्या टोकाशी पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. पुढच्या वेळी भेग त्या रेघेपलीकडे गेलेली दिसली, तर घर अजून हलते आहे हे कोणालाही कळेल.

दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर फुलीच्या आकाराच्या भेगा असतील तर भूकंपात ती भिंत दोन्ही दिशांनी ताणली गेली आहे. काँक्रीटच्या चौकटीत खांबांकडे, विशेषतः त्यांच्या वरच्या आणि खालच्या टोकांकडे व तुळईच्या सांध्याकडे, आधी पाहावे. काँक्रीट निखळून सळया उघड्या पडल्या असतील आणि त्या बाहेर वाकल्या असतील, तर पुढची पाहणी आतून करण्याचा आग्रह न धरता बाहेर यावे. खालचा मजला पार्किंगसाठी मोकळा आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशी रचना असेल तर तळमजल्यातले खांब एकेक करून तपासावेत. जे दार कालपर्यंत सहज लागत होते ते आज चौकटीत अडकत असेल, तर ही किरकोळ वाटणारी तक्रारही लिहून घ्यावी, कारण चौकट तिरकी झाल्याची पहिली वार्ता बहुधा दारच देते. हानीची पातळी ठरवताना युरोपातील ‘ईएमएस-९८’ या मापनश्रेणीतील पाच पायऱ्या मनात ठेवणे सोयीचे पडते. पहिल्या पायरीवर थोड्या भिंतींत केसासारख्या बारीक भेगा असतात, तर पाचवीवर इमारत जवळजवळ किंवा पूर्णपणे नष्ट झालेली असते. खरा गोंधळ दुसरी आणि तिसरी यांच्यात होतो, म्हणून नुसता आकडा लिहून थांबू नये, तो का दिला तेही एका वाक्यात लिहावे.

पुराच्या घरात निकष बदलतात. पाण्याची खूण शक्यतो आतल्या भिंतीवर शोधावी. बाहेर लाटांनी आणि वाहत्या कचऱ्याने ती वर-खाली होते. जमिनीपासून उंची मोजून, मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे. भिंती पाणी वर ओढून घेतात, त्यामुळे ओल खुणेच्याही वर चढलेली असू शकते आणि ओलावामापक तिथे लावून पाहावा. ओल राहिली तर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते, म्हणून पाणी किती वेळ साचून होते हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पाण्याखाली गेलेले स्विच आणि प्लग नुसते कोरडे दिसतात म्हणून चालू समजू नयेत. पायाखालची माती वाहून गेली आहे का, हे घराच्या चारही बाजूंनी वाकून पाहावे. अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालण्यापूर्वी बॅटरी मारावी, पुरानंतर साप-विंचूही कोरडी जागा शोधत असतात.

वादळात छत दाबले जाण्याऐवजी बहुतेक वेळा वर उचलले जाते आणि हा जोर कडा, कोपरे व माथा येथे सर्वाधिक असतो. त्यामुळे आधी तिथे पाहावे, आणि आत येऊन कुठून उजेड येतो ते पाहावे. दरडीच्या भागात घरापेक्षा वरच्या उताराला अधिक वेळ द्यावा. तिथे नव्या भेगा किंवा कललेली झाडे दिसली तर घराला ओरखडाही नसला तरी धोका संपलेला नसतो.

छायाचित्रांचा क्रम ठरलेला असावा: आधी घराचा क्रमांक, मग पूर्ण घर, मग खोली, मग तपशील. मोजपट्टी शेजारी नसलेले भेगेचे छायाचित्र नंतर कुणाच्याही कामाला येत नाही.

घरातल्या माणसांशी बोलणे हा या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे, असे मला वाटते. ते दमलेले असतात, कधी घरात कोणी गेलेले असते, आणि आपण चौथे किंवा पाचवे विचारणारे असतो. त्यांचे ऐकून घ्यावे, पण रकमेबद्दल किंवा निकालाबद्दल अंदाजही देऊ नये; ‘मिळेल बहुतेक’ एवढे म्हटले तरी ते वचन ठरते. त्यांनी सांगितलेले आणि आपण पाहिलेले फॉर्मवर वेगळे ठेवावे. ‘मालकाच्या सांगण्यानुसार पाणी दोन दिवस होते’ आणि ‘खूण एक मीटर दहा सेंटिमीटरवर आढळली’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. जी खोली उघडता आली नाही तिच्यासमोर ‘पाहता आली नाही’ असे लिहावे, जागा कोरी सोडू नये.

प्रत्येक नोंदीवर तारखेबरोबर वेळही लिहावी. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, १२ मे रोजी, ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. मधल्या दिवसांत केलेल्या पाहण्या त्यानंतर नव्याने कराव्या लागणारच. असा धक्का बसला तर आधी पाहिलेल्या घरांकडे पुन्हा जावे आणि पहिल्यांदा पेन्सिलची रेघ जिथे मारली होती, तिथूनच सुरुवात करावी.