पाकीट उलटं करा: सांगलीत इटालियन किराणा घेताना

इटालियन सामानाचं पाकीट हातात आलं की पुढची बाजू बघूच नका. पुढे झेंडा असतो, मिशीवाला आचारी असतो, टेकडीवरचं घर असतं. हे सगळं पुण्याच्या छापखान्यातही छापता येतं. पाकीट उलटं करा, चष्मा लावा आणि चार गोष्टी बघा: घटक, हिरवा ठिपका, तारीख आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असलेलं स्टिकर. आयात केलेल्या मालावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, परवाना क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता हवाच. नसेल तर तो माल कुणाच्या तरी बॅगेतून आलाय असं समजा आणि ठेवून द्या.

विश्रामबागेत मी घरगुती ऑर्डरी घेते. वाढदिवसाला लझान्या, किटीला पास्ता, कुणाला तिरामिसू. शिकायला मुलीही येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काकू, सगळं सामान पुण्याहून आणता?" नाही गं बाई. बाहेरचं म्हणून पैसे मोजावेत अशा वस्तू मोजून तीन: पास्ता, ऑलिव्ह तेल आणि कडक चीज. डब्यातले टोमॅटो कधीमधी. बाकीचं निम्म्याहून जास्त सामान गणपती पेठेत मिळतं, फक्त ते तिथे इटालियन म्हणून विकत नाहीत.

आधी पास्ता. घटकांत दोनच गोष्टी हव्यात, ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. इटलीत १९६७ च्या कायद्यापासून सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच करावा लागतो. आपल्याकडे तशी सक्ती नाही, म्हणून मैदा किंवा साधा रवा मिसळलेली पाकिटंही त्याच फळीवर, त्याच रंगात उभी असतात. असा पास्ता शिजताना पाणी पिठुळ करतो आणि ताटात येईपर्यंत त्याचा गोळा होतो. पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅमला १३ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतील तर बिनधास्त घ्या. मग पाकिटाच्या पारदर्शक खिडकीतून पास्ता नीट न्याहाळा. चकचकीत, गुळगुळीत, गडद पिवळा दिसला तर तो टेफ्लॉनच्या साच्यातून काढलेला आणि जास्त तापमानावर भराभर वाळवलेला. फिकट, खरखरीत, वरून पीठ भुरभुरल्यासारखा दिसला तर ब्राँझच्या साच्यातला आणि सावकाश वाळवलेला. पाकिटावर 'त्राफिलाता अल ब्रोन्झो' लिहिलेलं असतं ते हेच. या खरखरीत अंगाला सॉस धरून बसतो. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावचा पास्ता नावाजलेला आहे आणि त्याला आयजीपीचा शिक्का आहे (शिक्क्यांचं पुढे सांगते), पण रोजच्या मुलांच्या डब्यासाठी त्याची गरज नाही. भारतात बनलेला, शंभर टक्के ड्युरमचा पास्ता चांगला मिळतो. डब्याला तोच घ्या.

शिक्क्यांचं सांगते. सांगलीकराला हे समजावायला वेळ लागू नये, कारण आपल्या हळदीला आणि बेदाण्यालाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. युरोपात त्याचे दोन प्रकार. लाल-पिवळा डीओपी, म्हणजे कच्च्या मालापासून तयार मालापर्यंत सगळं त्याच भागातलं. निळा-पिवळा आयजीपी, म्हणजे निदान एक टप्पा तरी त्या भागात झालेला. फ्रेंच मालावर डीओपीच्या जागी एओपी दिसेल. शिक्का नसलेला माल वाईट असतो असं नाही, पण शिक्क्याचे पैसे मागत असतील तर शिक्का दिसला पाहिजे.

आता तेल, कारण फसवणूक सगळ्यात जास्त इथेच आहे. 'ऑलिव्ह पोमेस ऑइल' म्हणजे घाण्यावर तेल काढून उरलेल्या पेंडीतून रसायनाने ओढून काढलेलं आणि शुद्ध केलेलं तेल. चवीसाठी त्यात थोडं चांगलं तेल मिसळतात. शेंगदाण्याच्या पेंडीतून तेल काढून कुणी 'घाण्याचं' म्हणून विकलं तर आपण गणपती पेठेत भांडण काढू, आणि इथे मात्र मोठ्या कॅनवर ऑलिव्हची फांदी दिसली की गप्प पैसे देतो. 'लाइट' लिहिलेलं तेल चवीला हलकं असतं, कॅलरी तेवढ्याच. कच्चं वरून घालायला, सॅलडला, पावाबरोबर हवं असेल तर 'एक्स्ट्रा व्हर्जिन' घ्या. त्यात आम्लता ०.८ टक्क्याच्या आत असावी लागते. बाटली गडद काचेची किंवा डबा पत्र्याचा. 'बॉटल्ड इन इटली' म्हणजे बाटली तिथे भरली एवढंच. ऑलिव्ह स्पेनचे, ग्रीसचे, ट्युनिशियाचे असू शकतात आणि बारीक अक्षरात ते लिहिलेलंही असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त इटलीच्या भावाने घेऊ नका. काढणीचं वर्ष छापलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. उत्तर गोलार्धात काढणी साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर चालते, त्यावरून बाटलीचं वय काढा. तेल जुनं होऊन मुरत नाही, उतरतं. म्हणून पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो म्हणून उचलू नका, अर्धा लिटरची बाटली घ्या आणि गॅसपासून लांब ठेवा. तळायला आपलं शेंगदाणा तेल आहेच.

चीजच्या बाबतीत शाकाहारी घरांनी विशेष लक्ष द्यावं. खरं पार्मिजानो रेज्जानो (पास्त्यावर किसतात ते कडक चीज) दूध, मीठ आणि दूध घट्ट करणारं, वासराच्या जठरातलं रेनेट, एवढ्यावरच बनतं. निदान बारा महिने मुरवतात. रेनेट बदललं की ते नाव लावता येत नाही. त्याच धाटणीच्या ग्राना पादानो चीजचंही रेनेटच्या बाबतीत तेच. आपल्या नियमांत मात्र चीज प्राणिज नसलेल्या रेनेटचं असावं असं म्हटलंय. म्हणून दुकानात हिरव्या ठिपक्याचं जे 'पार्मेझान' मिळतं ते त्या धाटणीचं चीज, ते पार्मिजानो नव्हे. दुकानदार "काकू, एकदम ओरिजिनल" म्हणाला तरी हसून ठिपका बघा. आणि पुतण्या मिलानहून बॅगेतून तुकडा घेऊन आला, तर तो आजेसासूबाईंच्या ताटात वाढायच्या आधी त्यांना सांगा. हे मी चवीच्या बाजूने बोलत नाही, ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण सांगितलं पाहिजे.

किसलेल्या चीजचा डबा घेऊ नका. गोळा होऊ नये म्हणून त्यात सेल्युलोज घालतात, घटकांत दिसेल. शंभर-दीडशे ग्रॅमचा तुकडा घ्या आणि लागेल तेवढाच किसा. घरी आणला की प्लॅस्टिक काढा, बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. कडक चीजवर बुरशीचा ठिपका आला तर आजूबाजूचं इंचभर कापून टाका, बाकीचं चालतं. मऊ चीजवर आली तर मात्र सगळंच टाका. कडेची साल फेकू नका, सूप उकळताना टाकायची आणि वाढताना काढायची. मी ती टोमॅटोच्या सारातही टाकते. आमच्या ह्यांना हे अजून माहीत नाही.

तिरामिसूत पडतं ते मऊ, मलईचं चीज, मस्कारपोने, मात्र विकत घेऊ नका. महाग, लवकर खराब होणारं, आणि इथपर्यंत येईस्तोवर निम्मं आयुष्य संपलेलं. भिलवडी आपल्या शेजारी आहे, म्हशीच्या दुधाची आपल्याला काय वाण! अर्धा लिटर ताजं क्रीम मंद आचेवर ८५ अंशांपर्यंत तापवायचं, म्हणजे कडेला वाफ आणि बारीक बुडबुडे, उकळी नाही. एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून पाचेक मिनिटं ढवळायचं. चमच्याच्या पाठीला दाट थर बसला की गॅस बंद. गार झाल्यावर मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत, चाळणी भांड्यावर, भांडं रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी श्रीखंडाच्या चक्क्यासारखं हाताला लागतं.

आता गणपती पेठ. यादी घेऊन जा, पण नावं आपली वापरा.

'फारो' नावाचं धान्य ऑनलाइन इवल्याशा पाकिटात विकतात. तो म्हणजे आपला खपली गहू. इटलीत गार्फान्यानाच्या डोंगरात पिकणाऱ्या फारोला १९९६ मध्ये आयजीपी मिळालं, आणि इथे कृष्णाकाठची माणसं तोच गहू खिरीला वापरतात. दुकानात "खिरीचा, सडलेला खपली द्या" म्हणा. दाणा सडलेला, म्हणजे कांडून साल काढलेला, असल्याने भिजवायला जास्त वेळ लागत नाही. भाजीच्या सूपमध्ये घाला, किंवा शिजवून गार करून काकडी, टोमॅटो, तेल, लिंबू घालून सॅलड करा. एक सूचना: दुकानदार विचारेल, "खीर कितीजणांची?" उत्तर तयार ठेवा.

पोलेंटा म्हणजे मक्याची भरड. मध्यम जाडीची, पिवळ्या मक्याची घ्या. इटलीच्या ठिपक्याठिपक्यांच्या बोर्लोत्ती घेवड्याऐवजी कोरेगावचा वाघ्या घेवडा. साताऱ्याकडचं कुणी येणार असेल तर मागवा. दोन्ही एकाच जातकुळीचे, दोन्हींवर रेघोट्या. पास्ता आणि घेवड्याचं दाट सूप वाघ्यावर इतकं छान होतं की मी डब्यातला बोर्लोत्ती घेणं कधीच मनात आणत नाही. सिसिलीच्या वांग्याच्या कापोनातात किंवा पालकात बेदाणा पडतो, तो तासगावचा घाला, आणि भाव बघायचा असेल तर मार्केट यार्डातल्या दराशी ताडून बघा.

रिसोटोच्या तांदळाबद्दल मी जरा कडक आहे. इंद्रायणीचा रिसोटो करतात, चव गोड लागते, पण दाणा आतून टणक राहत नाही, मऊ भाताकडे झुकतो. पाहुणे खास असतील तर आर्बोरिओ किंवा कार्नारोली घ्या. घरच्यांना इंद्रायणी पुरे.

हिरव्या पानांसाठी बाहेर बघूच नका. पेठेतला सब्जा म्हणजे बेझिलच्याच जातीचं बी. कुंडीत पेरला की आठवडाभरात उगवतो. वास इटलीच्या पानांपेक्षा तिखट, लवंगेकडे जाणारा असतो. तो नको असेल तर जेनोव्हाच्या जातीचं बी मागवा. मरवा ही तर ओरेगानोची सख्खी बहीण. पण हारवाल्याकडचा गजऱ्यातला मरवा खाऊ नका, त्यावर काय फवारलंय देव जाणे. रोपवाटिकेतून रोप आणा. केपर म्हणजे लोणच्यासारख्या मुरवलेल्या कळ्या, त्यांच्या जागी मारवाडी दुकानातला राजस्थानी केर चालतो. आषाढीच्या बारशीला आपण वाघाटीची भाजी करतो ना, केर आणि केपर हे दोघेही तिच्याच कुळातले.

काही गोष्टी भरभर सांगून टाकते. काळे ऑलिव्ह घेताना घटकांत 'फेरस ग्लुकोनेट' किंवा ई ५७९ दिसलं तर ते हिरवेच ऑलिव्ह, काळे केलेले. चव बेताची. वजन बघायचं ते पाण्याशिवायचं. मॉदेनाचं बाल्सामिक व्हिनेगर घेताना घटकांत द्राक्षाचा रस आधी आणि व्हिनेगर नंतर असेल तर ते दाट आणि गोडसर. कॅरॅमल घालायला परवानगी आहे, पण नसलेलं मिळालं तर उत्तम. बारा किंवा पंचवीस वर्षं मुरवलेलं 'त्रादिझियोनाले' १०० मिलीच्या गोलसर बाटलीत येतं. ते लग्नात आहेर म्हणून आलं तर ठीक. ट्रफल या सुगंधी भूछत्राच्या नावाचं तेल बहुतेक वेळा प्रयोगशाळेतल्या वासाचं असतं, पैसे वाचवा. बाटलीतल्या पेस्तोत, म्हणजे बेझिलच्या चटणीत, ऑलिव्हऐवजी सूर्यफुलाचं तेल आणि पाइन नटऐवजी काजू हमखास सापडतो. काजूच घालायचा तर आजऱ्याचा घालून घरी वाटा. पिझ्झाचं डबल झीरो पीठ म्हणजे कोंडा किती काढलाय त्याचं माप, ताकद नव्हे. घरच्या ओव्हनला चांगला मैदा पुरतो. डब्यातले टोमॅटो जून ते ऑगस्ट घ्या, पावसाळ्यात आपले महाग आणि पाणचट असतात तेव्हा. घटकांत टोमॅटो आणि टोमॅटोचा रस, बस्स. साखर नको. चारशे ग्रॅमच्या डब्यात टोमॅटो साधारण २४० ग्रॅमच असतात, बाकी रस.

इटलीबाहेरचं एक-दोन. ग्रीसचं फेटा मेंढीच्या दुधाचं, फार तर ३० टक्के बकरीचं. गाईच्या दुधाचं असेल तर ते फेटासारखं चीज, किंमतही तशी हवी. उघडल्यावर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. स्पेनची धुरावलेली मिरचीपूड, पिमेंतोन दे ला वेरा, ही ओकच्या धुरावर वाळवतात. हिला आपल्याकडे खरंच पर्याय नाही, संकेश्वरी कितीही चांगली असली तरी. छोटा डबा वर्षभर पुरतो.

उरलं आणायचं कसं ते. सुकं सामान कधीही कुरिअरने मागवा. चीज मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पुण्याच्या दुकानातून भाच्याला किंवा ओळखीच्याला घ्यायला सांगा, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवायला लावा, पहाटे आपण स्टॉपवर उभं राहायचं. डिकीत नको, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ठेवायला सांगा, आणि डब्यावर नाव-नंबर मोठ्या अक्षरात. एप्रिल-मेमध्ये चीज आणि बेल्जियन चॉकलेट मागवूच नका. चॉकलेट पांढरं पडतं आणि चीजमधून तूप सुटतं. तारीख युरोपातही आपल्यासारखीच दिवस-महिना-वर्ष अशी लिहितात. 'प्रेफेरिबिलमेंते एंत्रो' छापलेलं असेल तर त्या तारखेनंतर दर्जा उतरतो एवढंच, पास्ता फेकायची गरज नाही. 'प्रेफेरिबिलमेंते' नसेल आणि नुसतं 'दा कोन्सुमारे एंत्रो' असेल तर ती शेवटची तारीख. सवलतीच्या टोपलीत हात घालण्याआधी हे दोन शब्द तपासा.