कात्रजच्या नळाची फेरी कशी न्यावी

पुण्यात कात्रजच्या नळाची, म्हणजे कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन भुयाराची, फेरी न्यायची असेल तर पाणी ज्या दिशेनं यायचं त्याच दिशेनं माणसं न्या. शनिवारवाड्यापासून सुरुवात केली की सगळी सकाळ पेशवाईच्या गोष्टींत जाते आणि पाणी बाजूला राहतं. मी गट वरच्या तलावाच्या काठीच गोळा करते. खालचा तलावही दाखवायचा असेल तर बुधवार टाळा, त्या दिवशी तिथलं प्राणिसंग्रहालय बंद असतं. पंधरापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. पेठांतल्या गल्ल्यांत मागच्यांना काही ऐकू येत नाही, आणि कर्णा लावून रहिवाशांची झोप मोडणं मला पटत नाही.

तलावावर इतिहास थोडक्यात सांगा. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी इथं पाणी अडवलं आणि सुमारे आठ किलोमीटरवरच्या शहरात जमिनीखालून नेलं. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ ची, म्हणजे वाडा आधी आणि हे पाणी नंतर. वाढत्या पेठांना नदी आणि आड पुरेनासे झाले होते.

इथं खरा वेळ द्यायचा तो उताराला. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी सोबत ठेवा, पाण्यात चिमूटभर हळद घाला. दोन टोकं दोघांच्या हातात द्या. एकानं हात थोडा वर नेला तरी दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीवर येऊन थांबतं. मग दुसऱ्याला त्याचं टोक अगदी खाली न्यायला सांगा. पाणी भसकन बाहेर येतं, कुणाचे तरी बूट भिजतात, आणि पंपाशिवाय शहरात पाणी कसं पोचलं हे वेगळं समजवावं लागत नाही. मुलं असतील तर ती नळी सोडायलाच तयार होत नाहीत. द्या त्यांना वेळ. एवढं मात्र सांगा, की कात्रजचा नळ म्हणजे दाबाखालची बंद नळी नव्हती. ते दगड-चुन्याचं बांधीव भुयार आहे, माणूस आत उतरून गाळ काढू शकेल एवढं. त्यातून पाणी बेताच्या उतारानं वाहत यायचं. दाब लागतो तो शनिवारवाड्यातल्या कारंज्याला.

पुढचा सातारा रस्ता चालत करू नका. गाड्यांच्या गोंगाटात बोलणं अशक्य. पीएमपीच्या बसनं स्वारगेटला उतरा आणि तिथून चाला.

वाटेत उच्छ्वास शोधायला लावा. नळावर ठिकठिकाणी जमिनीच्या वर आलेली ही बांधकामं हवा खेळती ठेवायला आणि सफाईसाठी आत उतरायला होती. झाकण उघडायचं नाही, आत डोकवायचं नाही, यात कुणाचाही हट्ट चालवून घेऊ नका. बंदिस्त जागेत सांडपाणी झिरपलं की विषारी वायू साठतो, प्राणवायू कमी होतो, आणि आत गेलेल्या माणसाला हाक मारायलाही सवड मिळत नाही. भुयारातून चालायला मिळेल अशी जाहिरात तर मुळीच करू नका. नळाचं पाणी शहरात ज्यात साठायचं असा एखादा हौद खासगी वाड्यात असेल तर आदल्या दिवशी जाऊन मालकांना विचारा. बहुतेक जण आनंदानं दाखवतात, ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांनाच बोलू द्या.

स्वारगेटहून आधी महात्मा फुले पेठेत, फुलेवाड्यावर थांबा. पाणी शहरात आलं म्हणजे सगळ्यांना मिळालं असं नव्हतं, आणि हे न सांगता हौद दाखवणं मला अर्धवट वाटतं. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. त्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी मुलगी काशीबाई हिच्या स्मरणार्थ बाहुलीचा हौद बांधला, तोही सर्वांसाठी. फुलेवाड्यावरून निघून तुळशीबाग, मग बाहुलीचा हौद, असं केलं की हे दोन्ही हौद एकाच गोष्टीत बसतात.

शेवट शनिवारवाड्यात, हजारी कारंज्यापाशी. सोळा पाकळ्यांचं ते कमळ बघताना गटाला विचारा, इथं पाणी उसळवायचं तर साठा किती उंचावर हवा? हळदीच्या पाण्याची नळी पिशवीतून पुन्हा काढावी लागते. वाद रंगतो, म्हणून इथं अर्धा तास हातात ठेवा आणि उन्हं चढायच्या आत पोचा, कारण कारंज्याभोवती सावली फार नाही.