घरच्या साबणात मोहाचे तेल आणि संत्र्याची साल

गडचिरोली-गोंदियाकडे मोहाचे तेल आणि नागपूर-अमरावतीकडे संत्र्याच्या साली सहज मिळतात, म्हणून घरच्या साबणात हे प्रयोग अवश्य करावेत. परंतु साबणाच्या एका वेळच्या घाण्यात एकच नवा पदार्थ घालावा, म्हणजे बिघाड कशामुळे झाला ते कळते. ३०० ग्रॅम खोबरेल आणि २०० ग्रॅम मोहाचे तेल घेतल्यास सुमारे ७७ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा पुरतो. तो १७० ग्रॅम पाण्यात हळूहळू सोडावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. भांडे स्टीलचेच हवे, कारण ॲल्युमिनियमला सोडा खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. हातमोजे व चष्मा यांत तडजोड नको.

साल सावलीत कडकडीत वाळवून, दळून वस्त्रगाळ करावी, कारण जाडसर कण अंगाला ओरखडतात. तेल आणि सोड्याचे पाणी यांचे मिश्रण पिठल्याइतके दाट झाल्यावर त्यात चमचाभर पूड ढवळावी. संत्र्याचा रस मात्र घालू नये. त्यातील आम्ल सोडा खर्ची घालते आणि वडी मऊ पडते. मोहफुले किंवा गूळ यांतील साखरेने मिश्रण तापते, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात ते साच्यातून उतू जाण्याची भीती असते. असे प्रयोग मी थंडीसाठीच राखून ठेवावेत असे म्हणेन. जवसाचे तेल दहा टक्क्यांच्या आत ठेवावे, ते लवकर खवट होते. वड्या हवेशीर जागी चार ते सहा आठवडे मुरू द्याव्यात.