लाइफस्टाइल साइटचं रीडिझाइन करताय? या चुका टाळा

नवी साइट म्हटली की पहिली मीटिंग रंगावर होते. फिका गुलाबी की मोतिया, यावर दोन तास. जुन्या लेखांच्या लिंकांचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते ऑटोमॅटिक होईल ना!"

होत नाही. मी स्वतः निस्तरलंय. जुनी मराठी साइट वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर, नवी दुसऱ्या सिस्टिमवर. वर्डप्रेस शीर्षकावरून लिंक बनवतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, काना-मात्रा वेगळी, लिंकमध्ये ९ जागा खातं. २०० जागा भरल्या की कात्री. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'उकडीच्या मोदकांची पारी फुटू नये म्हणून' या लेखाची लिंक 'उकडीच्या-मोदकांची-पारी-फ' इथेच संपते.

आमच्या घाईच्या डेव्हलपरने जुन्या लिंका डेटाबेसमधून काढल्याच नाहीत, कुठली जुनी लिंक कुठल्या नव्या पानावर न्यायची याची यादी शीर्षकांवरून रचली. यादीत 'फुटू नये म्हणून', गूगलकडे नुसता 'फ'. लांब शीर्षकाची एकही लिंक जुळेना. वर न जुळलेलं सगळं होमपेजवर पाठवायची 'सोय' त्याने करून ठेवलेली, त्यामुळे ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' ही सूचना, कुठे दिसेना आणि सगळे खूश. गणपतीच्या आदल्या दिवशी पारी फुटली म्हणून कुणी धावत आमच्याकडे आलं, तर समोर लिपस्टिकच्या छटा! असं सरसकट होमपेजवर ढकललेलं पान गूगलही 'सॉफ्ट ४०४', म्हणजे नसल्यातच जमा, धरू शकतं. दोन रात्री जागून खऱ्या लिंका काढल्या आणि एकेकीला ३०१ लावला, म्हणजे नव्या पानावर कायमचं नेणारा रीडायरेक्ट.

तेव्हापासून सर्वाधिक क्लिकची १०० पानं मी सर्च कन्सोलमधून, म्हणजे शोधातून कुठल्या पानावर किती क्लिक आले ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनातून, काढते आणि एकेक मोबाइलवर उघडून बघते. कंटाळवाणं आहे, पण शॉर्टकट नाही. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, असं गूगलही सांगतं. मी काढतच नाही. मोदक आणि चकलीचे लेख वर्षातून एकदाच जागे होतात.

दुसरं दुखणं म्हणजे इंग्रजी नमुना मजकुरावर पास झालेलं डिझाइन. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की इंग्रजी शीर्षक ऐटदार दिसतं. मराठीत शिरोरेषा तुटून दातांत फटी पडल्यासारखं दिसतं. ओळींची उंची इंग्रजीच्या मापाची ठेवली की वरचा रफार नाहीतर खालचा उकार कापला जातो. फॅशनच्या पानावर 'सणासाठी नवा कुर्ता'चा 'सणासाठी नवा कर्ता' झालेला मी पाहिलाय. डिझायनरला पटेना, कारण त्याच्या मोठ्या स्क्रीनवर सगळं ठीक होतं.

आता मी फॉन्ट मुक्ता असो की नोटो, प्रत्येक चौकटीत आधी हेच टाकते: 'कैऱ्यांचं पन्हं, शृंगार नि सुट्टीतल्या गोष्टी'. 'ऱ्य' नीट उमटला, 'शृ' फुटला नाही, तरच पुढे. मजकुराला ओळींची उंची १.६ च्या खाली नाही.

बाकीचं थोडक्यात. फोटोंना रुंदी-उंची द्या, नाहीतर कृती वाचता वाचता ओळ खाली उडी मारते. 'आरोग्य'चं 'वेलनेस' करायची हौस असेल तर मेन्यूत करा, लिंकमध्ये नको. सणाच्या तोंडावर आणि शुक्रवारी संध्याकाळी साइट लाइव्ह करू नका. आणि टेस्ट साइटवर लावलेला नोइंडेक्स टॅग ('हे पान शोधात दाखवू नका' असं गूगलला सांगणारा) काढलात का, हे "काढला असेल" म्हणणाऱ्याला विचारू नका. स्वतः पानाचा सोर्स उघडून बघा.