एल-एसच्या जागी एस-एल

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला माझा जुना लॅपटॉप विंडोज सुरू होतानाच धापा टाकायचा. एका मित्राने त्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम टाकून दिली. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, मात्र मी महिनाभर उघडलंच नाही. काही चुकीचं टाइप केलं तर सगळंच बसेल, ही धास्ती. आज कुणी नवीन मुलगा टर्मिनल कसं शिकू म्हणून विचारतो तेव्हा मी सांगतो, कामाच्या कमांड राहू देत, आधी खेळ.

माझी सुरुवात आगगाडीने झाली. फोल्डरमधल्या फायली दाखवायची कमांड एल-एस. घाईत बोटं उलटी पडली की एस-एल होतं. याच चुकीची खोड मोडायला तोयोदा मासाशी यांनी १९९३ साली एक प्रोग्राम लिहिला. तो इन्स्टॉल केलेला असेल, तर स्क्रीनवरून वाफेचं इंजिन धडधडत जातं. कंट्रोल-सी दाबून बाकीच्या बहुतेक कमांड थांबतात, हे इंजिन थांबत नाही. डोंबिवलीला न थांबणारी फास्टच.

मग कॅल, म्हणजे कॅलेंडर. पुढे ४ आणि १८५३ दिलं की तो एप्रिल समोर. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती १६ तारीख, शनिवार. आता ९ आणि १७५२ देऊन बघा: २ सप्टेंबरनंतर थेट १४! ब्रिटनने तेव्हा ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारलं आणि मधले ११ दिवस गाळले.

माझी लाडकी मात्र रेव्ह. ती ओळ उलटी करते. तिला 'मुंबई' दिलं तर म चा उकार आणि अनुस्वार त्याला सोडून ब ला जाऊन चिकटतात. आपल्याला तीन अक्षरं दिसतात. कॉम्प्युटरपाशी म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पाच चिन्हं ओळीने ठेवलेली असतात. युनिकोडवरचं, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये अक्षरं साठवायच्या पद्धतीवरचं, एक अख्खं लेक्चर मला जे सांगू शकलं नव्हतं, ते या एका ओळीने सांगितलं.

खरी चव पाइपची. एका कमांडचं उत्तर दुसरीच्या तोंडात द्यायचं, मध्ये फक्त उभी रेघ. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत डग मॅकिलरॉय यांची ही कल्पना केन थॉम्पसन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टममध्ये उतरवली. आमच्या सोसायटीच्या गणपतीची वर्गणी यादी तीन विंगांनी वेगवेगळी लिहिलेली, आणि काही फ्लॅट दोनदा आलेले. सॉर्ट, उभी रेघ, युनिक डॅश डी. सॉर्ट ओळी क्रमाने लावते, युनिक डबल नोंदी लगेच दाखवते. युनिकला फक्त शेजारशेजारच्या सारख्या ओळी ओळखता येतात, म्हणून सॉर्ट आधी हवंच.

त्याच आनंदात मी जुन्या टेक्स्ट फायली उडवायला गेलो. आर-एम (फाइल उडवायची कमांड), स्टार (म्हणजे कुठलंही नाव), डॉट टी-एक्स-टी. पण स्टारनंतर चुकून स्पेस पडली. झालं! एकट्या पडलेल्या स्टारने फोल्डरमधल्या सगळ्या फायली नेल्या, वर्गणीची यादीसुद्धा. आर-एमला रिसायकल बिन नसतो. पावतीपुस्तक घेऊन रात्री दोनपर्यंत यादी पुन्हा टाइप केली. सेक्रेटरी काका चहा देत होते, बोलत काही नव्हते.

तेव्हापासून आर-एमच्या आधी तोच पॅटर्न एल-एसला देतो, काय उडणार ते वाचतो. आणि घाईत एल-एसचं एस-एल झालंच, तर इंजिन जाईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसतो.